बाईंचा अपुरा जबाब

अगाथा ख्रिस्तीबाईंनी जन्मभर लोकांच्या मिनिटांचा हिशेब घेतला. सव्वानऊला बटलर कुठे होता, कॉफीचा ट्रे कुणी कुठल्या टेबलावर ठेवला, पुतण्याने घड्याळाकडे दोनदा का पाहिलं, कर्नलसाहेबांना खिडकीबाहेर आवाज आला तेव्हा नेमके किती वाजले होते. दहा मिनिटं इकडची तिकडे झाली की माणूस थेट फासावर. अशा बाईंचं आत्मचरित्र हाती घेताना वाचक काही फार मोठं मागत नव्हता. 1926 सालच्या डिसेंबरातल्या अकरा दिवसांचा हिशेब द्या, एवढंच मागणं. मिनिटांचा नको, ढोबळ चालेल. सकाळ, दुपार, संध्याकाळ एवढं सांगितलंत तरी आम्ही पावती द्यायला तयार.

पुस्तक पाचशेच्या वर पानांचं. 1950 साली इराकात, निमरूदच्या उत्खननाच्या मुक्कामी त्यांनी ते लिहायला घेतलं आणि 1965 साली इंग्लंडात हातावेगळं केलं. पंधरा वर्षं! छापून आलं 1977 मध्ये. बाई त्याआधीच, 1976 च्या जानेवारीत, निघून गेल्या होत्या. म्हणजे फेरजबाबाची वाटही बंद. आणि एवढ्या सगळ्या पानांत त्या अकरा दिवसांबद्दल काय आहे? काहीही नाही. तळटीपसुद्धा नाही.

प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 3 डिसेंबर 1926, शुक्रवार. बाई रात्री पावणेदहाच्या सुमारास सनिंगडेलच्या राहत्या घरातून मोटार घेऊन निघाल्या. घराचं नाव 'स्टाइल्स', म्हणजे त्यांच्याच पहिल्या कादंबरीत जिथे विषप्रयोग होतो त्या वाड्याचं. राहत्या घराला असलं नाव ठेवल्यावर आणखी काय व्हायचं, असं आमची आजी म्हणाली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार सापडली सरे परगण्यात, गिल्डफर्डजवळच्या न्यूलँड्स कॉर्नरला, चुनखडीच्या खाणीच्या काठाशी. आत फरचा कोट आणि मुदत संपलेलं लायसन. बाईंचा पत्ता नाही. नवरा कर्नल आर्चिबाल्ड ख्रिस्ती मित्राकडे शनिवार-रविवार घालवायला गेलेला. तिथेच नॅन्सी नील नावाची एक तरुण मुलगीही पाहुणी म्हणून आलेली, आणि तिच्याशी लग्न करायचं म्हणून कर्नलला बायकोपासून सुटका हवी होती. आता सांगा, संशय कुणावर जाईल?

मग जो गोंधळ झाला तो बाईंच्या कुठल्याही कादंबरीत शोभला नसता, कारण त्या एवढी गर्दी कधी जमवत नसत. शेकडो पोलीस, हजारो हौशी माणसं, कुत्री, वर विमानं. जवळचं 'सायलेंट पूल' नावाचं तळं ढवळून काढलं. सरे पोलिसांचे अधीक्षक केनवर्ड यांची तर खात्रीच होती की बाई मेलेल्या आहेत, फक्त सापडायच्या बाकी आहेत. डोरोथी सेयर्स ही दुसरी रहस्यकथाकार जागा पाहून गेली. आणि सर आर्थर कॉनन डॉयल? शेरलॉक होम्सचा जन्मदाता! चिखलातल्या पाऊलखुणांवरून माणसाची उंची सांगणाऱ्या डोक्याचा धनी! त्यांनी बाईंचा एक हातमोजा मागवला आणि तो एका माध्यमाकडे नेला. माध्यम म्हणजे आपल्याकडे ज्याला देवऋषी म्हणतात तो. भिंग घरीच राहिलं.

14 डिसेंबरला बाई सापडल्या त्या पार उत्तरेला, यॉर्कशरमधल्या हॅरोगेटला, एका छानपैकी हवापालटाच्या हॉटेलात. अंगावर ओरखडा नाही. रोज वर्तमानपत्रात स्वतःचा फोटो येत असताना त्या तिथे इतर पाहुण्यांत मिसळून राहत होत्या. ओळखलं ते हॉटेलातल्या बँडवाल्यांनी. रजिस्टरात नाव होतं मिसेस टेरेसा नील, राहणार केप टाऊन. आडनाव पाहिलंत? जी सवत व्हायची होती तिचं! शिवाय याच टेरेसा नीलबाईंनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहिरात दिली होती, दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या टेरेसा नील यांच्या नातेवाइकांनी व मित्रांनी संपर्क साधावा म्हणून. आणि जाण्यापूर्वी दिराला पत्र पाठवलं होतं की मी यॉर्कशरला हवापालटाला जाते आहे. पोलिसांच्या हाती पत्ता होता, पण ते तळं ढवळत होते, कारण पत्त्यात रहस्य नसतं.

नवऱ्याने पत्रकारांना सांगितलं, हिची स्मृती गेली आहे. डॉक्टरांनी री ओढली. प्रकरण मिटलं. आणि तेव्हापासून जग वाट पाहत बसलं की बाई कधीतरी तोंड उघडतील.

आमचे मामा सातारा जिल्ह्यात फौजदार होते. निवृत्तीनंतर त्यांनी वाचनाचा नाद लावून घेतला, पण वाचतात ते खात्याच्याच नजरेने. कविता दिली तरी आधी 'घटनास्थळ कोणतं?' विचारतात. हे आत्मचरित्र वाचनालयातून मी आणलं, माझ्याआधी त्यांनी संपवलं आणि समासात पेन्सिलीच्या खुणा करून परत दिलं. प्रत्येक खुणेखाली सही.

"भाच्या, ही बाई मिसिंग होती ना?"

"हो मामा."

"मग मिसिंग माणूस मिळून आल्यावर पहिलं काम काय?"

"घरी पोचवणं?"

"जबाब! कुठे होतात, कुणाबरोबर होतात, खर्चाला पैसे कुठून आणलेत आणि खोटं नाव का सांगितलंत. चार प्रश्न. सातवी नापास माणूससुद्धा फूलस्केपच्या दोन बाजूंत उत्तरं देतो. हिने एवढा ठोकळा लिहिला आणि चारांतलं एक उत्तर नाही. आणि तू म्हणतोस मोठी लेखिका."

मामांचा राग मला समजतो, कारण बाई मुळात हातचं राखून लिहिणाऱ्या नाहीतच. टॉर्कीच्या अ‍ॅशफील्ड या घरातलं बालपण त्या असं सांगतात की स्वयंपाकीणबाईंच्या हातचं काय काय कोणत्या क्रमाने टेबलावर येई हेही आपल्याला कळतं. लहानपणी स्वप्नात येणारा बंदूकवाला, मनातल्या मनात पाळलेली मांजरं, वडिलांचं हळूहळू आटत गेलेलं उत्पन्न, सगळं नीट मांडलेलं. पहिल्या महायुद्धात त्या औषधालयात काम शिकत होत्या तेव्हाचा एक औषधविक्रेता आहे. तो खिशातून एक तपकिरी गोळा काढून दाखवतो आणि सांगतो, हे कुरारी विष, हे खिशात असलं की मला आपल्या अंगात ताकद आहे असं वाटतं. हा माणूस पानभरात येतो आणि जातो, पण वाचणाऱ्याच्या डोक्यातून जात नाही. बाईंनी तो मनात जपला आणि पुढे 1961 सालच्या कादंबरीत कामाला लावला. 1922 साली नवऱ्याबरोबर जगाची सफर करताना होनोलुलूला लाटांवर फळी घेऊन उभं राहायला त्या शिकल्या, तेही आहे. कितीदा पडल्या, काय फाटलं, सगळं.

आणि मग तो कॅनरी पक्षी.

मामांनी इथे समासात दोन रेघा ओढल्या आहेत. लहानग्या अगाथाचा गोल्डी नावाचा कॅनरी एक दिवस बेपत्ता होतो. पिंजरा उघडा, खिडकी उघडी. पोरगी दिवसभर रडते, जेवत नाही, समजूत काढायची कुणाची बिशाद नाही. रात्री निजायची वेळ होते, तेव्हा वरून बारीक चिवचिव ऐकू येते. गोल्डी पडद्याच्या दांडीवर बसलेला! दिवसभर तिथेच होता. उडत खाली येतो आणि आपणहून पिंजऱ्यात शिरतो. काय सुरेख सांगितलंय. बेपत्ता झाल्याची वेळ, शेवटचा ठावठिकाणा, नातेवाइकांची मनःस्थिती, शोध, मिळून आल्याचं ठिकाण, मिळून येतेवेळची प्रकृती. मामा म्हणाले, "पाखराची नोंद पूर्ण आहे. मालकिणीची नाही."

बरं, बाई 1926 ला वळसा घालून गेल्या असत्या तर निदान समजलं असतं. त्या तसंही करत नाहीत. त्या आपल्याला हाताला धरून थेट उंबऱ्यापर्यंत नेतात. त्या वर्षी आई वारली. अ‍ॅशफील्ड आवरायला त्या एकट्या गेल्या, गळक्या छपराखाली, कोंदट खोल्यांत, पेट्या-कपाटांतलं आईचं सामान उपसत. मनाचा तोल ढळत चालल्याचं त्या सांगतात. मोटार सुरू होईना म्हणून रडू कोसळलं. चेकवर सही करायला गेल्या आणि स्वतःचं नावच आठवेना. शेवटी थॅकरेच्या कादंबरीतल्या एका पात्राचं नाव लिहून मोकळ्या झाल्या. मग नवरा आला आणि त्याने सांगून टाकलं की माझं नॅन्सीवर मन बसलंय, मला घटस्फोट हवा. हे सगळं इतकं नेमकं आणि इतकं सोसलेलं आहे की वाचताना आवंढा येतो. पुढचं पान उलटताना बोटं थरथरतात, कारण पुढे डिसेंबर येणार.

"येतच नाही," मामा म्हणाले. "ऑगस्टपर्यंत बाई घडाघडा बोलते. चेकवर नाव आठवलं नाही म्हणते, म्हणजे स्मृती गेल्याच्या बचावाचा पाया घातला की नाही? वकिलाने शिकवल्यासारखा! आणि डिसेंबर आला की एकदम दातखीळ."

आजारपणामागून दुःख आलं, हे उगाळत बसण्याची गरज नाही, अशा अर्थाचं एक-दोन ओळींत आटपून बाई पुढे निघतात. पुढे काय, तर मुलीला आणि सेक्रेटरीला घेऊन कॅनरी बेटांवर.

"पुन्हा कॅनरी?" मामा ओरडले.

आता माझी तक्रार मामांपेक्षा थोडी वेगळी आहे. ती सांगण्यासाठी मला एका कादंबरीचा शेवट फोडावा लागेल. ज्यांनी शंभर वर्षांत 'रॉजर अ‍ॅक्रॉइडचा खून' वाचलेली नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा. पुढच्या शंभर वर्षांत वाचाल.

ती कादंबरी याच 1926 सालची. बाई घरातून जाण्याआधी जेमतेम सहा महिने ती बाजारात आली होती. गोष्ट सांगतो गावचा डॉक्टर, शेपर्ड. सज्जन, बोलका, तपशिलाचा पक्का. शेवटी कळतं की खुनी तोच. आणि पकडला गेल्यावर त्याला पश्चात्ताप कमी आणि अभिमान जास्त असतो, की पाहा, मी एकही वाक्य खोटं लिहिलेलं नाही! खरंच नाही लिहिलेलं. त्याने फक्त खोलीतली दहा मिनिटं गाळली. एका वाक्यात नऊला वीस कमी असतात, पुढच्यात दहा कमी, आणि मधे माणूस मेलेला. फसवलं म्हणून वाचकांनी तेव्हा बोंब मारली होती, पण बाई ठाम होत्या. नीट वाचलं असतंत तर फट दिसली असती.

तर बाईंचं आत्मचरित्र हे डॉक्टर शेपर्डने लिहिलेलं आहे. एक अक्षर खोटं नाही, सांगणारी व्यक्ती अतिशय लाघवी, आणि मोक्याच्या जागी फट. माझं भांडण फटीशी नाही. कादंबरीत त्या फटीत बोट घालायला गुप्तहेर हर्क्युल पॉयरो असतो. निवृत्त होऊन शेजारच्या परसात दुधी भोपळे लावत बसलेला, पण असतो. आत्मचरित्रात बाईंनी शेपर्ड दिला आणि पॉयरोला भोपळ्यातच ठेवलं. वाचकाला तीस-चाळीस कादंबऱ्या वाचायला लावून कुठे बघायचं ते शिकवलं आणि बघायची वेळ आली तेव्हा दिवा मालवून कॅनरी बेटांचं बोटीचं तिकीट काढलं. एखाद्या साध्यासुध्या लेखकाने हे केलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आमच्या मराठी साहित्यिकांचं पाहा. त्यांच्या आत्मचरित्रात रहस्य नावाला नसतं, त्यामुळे वाचकाची निराशाही वेळापत्रकाप्रमाणे होते. कंदिलाखालचा अभ्यास, मुंबईला आल्यावर चाळीतल्या गॅलरीतली झोप, कुण्या थोर माणसाने पाठीवर मारलेली थाप (तारीख-वारासकट), पहिला पुरस्कार, दुसरा पुरस्कार, अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाने केलेला सत्कार, आणि संमेलनाचं अध्यक्षपद कसं आणि कुणी हुकवलं याचं सविस्तर प्रकरण. सौभाग्यवती पृष्ठ 40 वर पोहे घेऊन येतात आणि अर्पणपत्रिकेत 'जिच्या मूक साथीने' म्हणून उभ्या असतात. शेवटी 'अजाणता कुणाला दुखावलं असल्यास' म्हणून सामुदायिक क्षमायाचना. दुखावलं कुणाला ते आख्ख्या गावाला माहीत असतं. पुस्तकात तेवढं नसतं.

पण आम्ही वाचकही काही धुतल्या तांदळाचे नाही. 1990 साली सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' आलं आणि एका बाईने आपल्या जगप्रसिद्ध नवऱ्याबद्दल, स्वतःबद्दल, संसाराबद्दल जे वाटलं ते लिहिलं, तेव्हा हेच वाचक म्हणाले, घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या, आणि नाक मुरडणाऱ्यांच्या घरोघरी एकेक प्रत होती. म्हणजे सांगितलं तर शोभत नाही, आणि नाही सांगितलं तर आम्ही पैसे परत मागतो. इंग्रज वाचक तरी वेगळा कुठे? बाई जिवंत असताना पत्रकारांनी त्यांचा असा पिच्छा पुरवला की शिकारी कुत्री मागे लागलेल्या कोल्ह्यासारखी आपली गत झाली, असं त्या आत्मचरित्रातच म्हणतात. अशा जमावासमोर कुणी मन मोकळं करावं?

हे मी मामांना ऐकवलं. ते म्हणाले, "तो बचाव पक्षाचा युक्तिवाद. कोर्टात कर."

तोंड बंद ठेवल्याचे परिणाम मात्र बाईंनाच भोगावे लागले. रिकामी जागा म्हटली की लोक टपरी टाकतात. कुणी म्हणालं, खपासाठी केलेली जाहिरातबाजी. कुणी म्हणालं, नवऱ्यावर खुनाचा आळ यावा म्हणून रचलेला सूड. कुणी मानसशास्त्राची पुस्तकं उघडून तो विशिष्ट प्रकारचा स्मृतिलोप असल्याचं सिद्ध केलं. 1979 साली सिनेमा निघाला. त्यात व्हनेसा रेडग्रेव्हच्या अगाथाबाईंना हॅरोगेटच्या हॉटेलात चक्क डस्टिन हॉफमनच्या रूपातला अमेरिकन वार्ताहर भेटवला. पाच ओळी लिहिल्या असत्या तर हा उंचीने खांद्याइतका येणारा प्रियकर टळला असता.

मामांनी अखेर रीतसर अहवाल केला. आपल्याकडे तपास आटपताना पोलीस कोर्टाला समरी पाठवतात, हे वाचकांना माहीत असेल. घटना खरी पण छडा लागला नाही, ती अ समरी. फिर्यादच खोटी, ती ब. खरीही नाही आणि खोटीही नाही, काहीतरी गैरसमज, ती क. मामा बराच वेळ ब आणि क यांच्यात घुटमळले. नवऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ब, डॉक्टरांचं ऐकलं तर क. शेवटी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी 'अ' लिहिलं आणि खाली शेरा मारला: 'जबाब देणारी हुशार आहे.'

तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगितली. बाई मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने खुनाशिवायच्याही कादंबऱ्या लिहीत, आणि हे नाव कुणाचं ते 1949 पर्यंत लोकांना कळलंही नव्हतं. त्यातली 1934 सालची 'अनफिनिश्ड पोर्ट्रेट' ही एका बाईची गोष्ट आहे. जुनं घर, लाडकी आई, आईचा मृत्यू, दुसरीत गुंतलेला देखणा नवरा आणि त्यानंतर जगण्यावरचं उडालेलं मन. आत्मचरित्रात जिथे दातखीळ बसते तिथून पुढे ही कादंबरी बोलायला लागते. अर्थात हॅरोगेट तिच्यातही नाही.

मामा ताडकन उठून बसले. "म्हणजे पुरवणी जबाब आहे! आणि तू मला आत्ता सांगतोस? हॉटेलात दुसरं नाव, पुस्तकावर दुसरं नाव. या बाईला खरं बोलायचं झालं की आधी खोटं नाव लागतं, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. कुठे मिळेल ते?"

मी चौकशी केली. आमच्या वाचनालयात एक जुनी प्रत आहे, पण खून नसल्यामुळे ती रहस्यकथांत लावलेली नाही. ती प्रेमकथांच्या कपाटात आहे, गुलाबी पाठीच्या पुस्तकांच्या रांगेत, आणि तिथे दुपारी कॉलेजच्या मुलींची गर्दी असते. एक निवृत्त फौजदार त्या कपाटापुढे उभा राहिलेला गावाने पाहिला तर कसं दिसेल, असं मामांचं म्हणणं पडलं. तेव्हा पुस्तक मीच आणायचं ठरलं आहे. फक्त रजिस्टरात नोंद करताना नाव त्यांचं घालायचं नाही. मामींचं घालायचं, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.